रात्रीची कासव गस्त: एका हंगामाची नोंदवही

उत्तर रत्नागिरीतली अडीच किलोमीटरची पुळण. उत्तरेला खाडीचं मुख, दक्षिणेला कातळ. गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. अंडी उकरून नेणारे अजून संपलेले नाहीत आणि या वहीत घरट्यांच्या जागा आहेत. येणारी कासवं ऑलिव्ह रिडले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ मध्ये वेळासला जे काम सुरू केलं, अंडी कुंपणात हलवून राखायची, तेच आता कोकणातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर चालतं, इथेही. माणसं सहा: वनविभागाने नेमलेले दोन कासवमित्र आणि चार स्वयंसेवक.

नवीन येणाऱ्याने आधी एक समजून घ्यावं. हे कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. वनविभागाच्या परवानगीशिवाय अंड्याला हात लावता येत नाही, हेतू कितीही चांगला असला तरी. परवानगी नसेल तर गस्त घाला, घरट्याजवळ उभे राहा, वनरक्षकाला फोन करा. तेवढंही पुष्कळ असतं.

नोंदी तिथीने केल्या आहेत. त्याचं कारण तिसऱ्या नोंदीत येईल.

कार्तिक वद्य दशमी

कुंपणाची जागा ठरवली. उधाणाची सर्वांत वरची रेघ शोधायला कुणाला विचारावं लागत नाही. सुकलेला काडीकचरा आणि मर्यादवेलीची खालची टोकं ती दाखवतात. त्या रेघेच्या वर आठ मीटर. गेल्या हंगामाची जागा सोडून पंधरा मीटर दक्षिणेला सरकलो, कारण जुन्या वाळूत न फुटलेल्या अंड्यांचे अवशेष आणि बुरशी राहते.

माप ६ बाय ५ मीटर. दोन घरट्यांमध्ये एक मीटर सोडायचा, म्हणजे वीसेक घरटी बसतात आणि मधून चालताही येतं. आधी पूर्ण जागा दोन फूट खणून वाळू चाळून घेतली. त्यातून मुळं, काचा, जुन्या जाळ्यांचे तुकडे मिळून तीन घमेली निघाली. या एका कामाला चार माणसांचा दीड दिवस गेला. पुढचा आठवडाभर सगळ्यांची कंबर धरली होती, पण हे टाळू नये.

कुंपणाला पहिल्यांदा फुकट मिळालेलं जुनं मासेमारीचं जाळं लावलं. चौथ्या दिवशी कुत्र्याने दातांनी फाडलं. शिवाय पिल्लाचा पंख अशा जाळ्यात अडकला की सुटत नाही. काढून टाकलं. त्याजागी लोखंडी वेल्ड जाळी, पाच फूट उंचीची, त्यातली दीड फूट वाळूत पुरलेली. कुत्री आणि कोल्हे वरून उडी मारत नाहीत, खालून उकरतात.

खर्च: जाळी २५ मीटर, बांबू १४, टोपल्या १२, लाल टॉर्च ४, लांब दांडीचा थर्मामीटर १, सुतळी आणि पाट्या. सगळं मिळून ११,४०० रुपये. त्यात जुन्या जाळ्यापायी गेलेला दिवस धरलेला नाही.

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

सराव गस्त. टॉर्चवर लाल जिलेटिनचा एक पदर लावला तर उजेड गुलाबी पडतो, आणि गुलाबी म्हणजे जवळजवळ पांढराच. तीन पदर लावल्यावर लाल झाला. पण घामाने कागद सुटतो, आणि नेमका नको तेव्हा. मुळातच लाल एलईडी असलेला टॉर्च घ्यावा. डोक्याला बांधायचा दिवा रद्द केला: माणूस बोलायला वळला की समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जातो आणि पुढची दहा मिनिटं त्याला अंधारात काही दिसत नाही. खरं तर चांदण्यात टॉर्च लागतच नाही. कोरड्या वाळूवर ओल्या वाळूचा माग काळा दिसतो.

किनाऱ्यालगतच्या एका निवासस्थानाचा हॅलोजन थेट पाण्यावर पडत होता. मालकाशी बोलणं झालं. दिवा बंद करायला ते तयार नव्हते, पण खाली वळवून वर पत्र्याची टोपी बसवायला तयार झाले. तेवढ्याने अर्धं काम झालं.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

पहिलं घरटं गेलं. चूक पूर्णपणे आमची.

गस्तीची वेळ सगळ्यांच्या सोयीने रात्री १० ते २ अशी ठरवली होती. दोनला घरी गेलो. पहाटे साडेपाचच्या फेरीत उत्तरेकडून तिसऱ्या खांबाजवळ ताजा माग दिसला, वर खड्डा, आणि चारही बाजूंना फाटलेली टरफलं. साठपर्यंत मोजली, पुढे मोजण्यासारखं काही नव्हतं. वाळूत दोन कुत्र्यांची पावलं.

मादी बहुतेक वेळा चढत्या भरतीबरोबर वर येते, कारण पाण्याने तिचं पुळणीवरचं अंतर कमी केलेलं असतं. आणि भरती घड्याळाच्या सोयीने येत नाही. गावातल्या कुठल्याही जुन्या खलाशाला हिशेब ठाऊक असतो: तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता पूर्ण भरती. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे आम्ही निघालो तेव्हा पाणी अजून चढत होतं. हा हिशेब अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण गस्त ठरवायला पुरेसा आहे. पुनवेला नि अवसेला मात्र सरळ बारा धरायचे, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ.

आजपासून नियम: पूर्ण भरतीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत गस्त. त्याशिवाय पहाटे पाचला एक फेरी, तिथी कोणतीही असो. वहीत तारखेच्या जागी तिथी लिहायला सुरुवात केली, म्हणजे पान उघडल्याबरोबर वेळ कळते. वनविभागाच्या नोंदवहीत मात्र इंग्रजी तारीखच.

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

फेऱ्यांची आखणी बदलली. गस्तीच्या चालीने अडीच किलोमीटरला पाऊण तास लागतो, जाऊन येऊन दीड तास. मादीला वर येऊन, खड्डा खणून, अंडी घालून परत जायला साधारण तास लागतो. म्हणजे एकच जोडी चालत असेल तर ती पाठमोरी असताना कासव येऊन जाऊ शकतं. आता दोन जोड्या दोन टोकांनी निघतात, मध्ये भेटून परत फिरतात. भरतीच्या ओल्या रेघेवरून चालायचं, कोरड्या वाळूतून नाही: माग ओलांडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही आणि पायही दमत नाहीत.

मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी: घरटं १

पूर्ण भरती पावणेदहा. मादी ९:१० ला पाण्याबाहेर.

ती वर चढत असताना आणि खड्डा खणत असताना वीस मीटरच्या आत जायचं नाही, हलायचंही नाही. या टप्प्यावर बिचकली तर तशीच वळून समुद्रात जाते. कुठला टप्पा चालू आहे ते मागच्या पंखांवरून कळतं. खणताना एक पंख ओंजळीसारखा वळून चिमूटभर वाळू वर आणतो, बाजूला ठेवतो, आणि त्याच क्षणी दुसरा पंख आपल्या बाजूची वाळू झटकतो. मग पाळी बदलते. हे थांबून दोन्ही पंख खड्ड्यावर स्थिर झाले की अंडी पडायला लागली. त्यानंतर मागून, खाली बसून, जवळ जाता येतं. अंडी दोनदोन, तीनतीन करून पडतात, चिकट पाण्यासकट, आणि एकमेकांवर आपटूनही फुटत नाहीत, कारण कवच चामड्यासारखं मऊ असतं.

अंडी संपल्यावर तिने वाळू लोटली आणि अंग डावी-उजवीकडे आपटून ती दाबली. हा आवाज कोरड्या वाळूतून पायाला जाणवतो. रिडलेची ही सवय. घरटं बुजल्यावर वरून काही कळू नये इतपत सपाट करून जाते.

परतताना पुढचे दोन्ही पंख तपासले. धातूचा टॅग असेल तर क्रमांक लिहायचा, काढायचा नाही. हे उगाच करत नाही: ओडिशात टॅग लावलेली मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली, ती पंखावरचा क्रमांक कुणीतरी वाचला म्हणूनच. हिला टॅग नव्हता.

ती पाण्यात गेल्यावर काम सुरू. अंडी ११२. खड्ड्याची खोली ४६ सेंटिमीटर, तोंड अरुंद, तळ फुगीर, घागरीसारखा. बादलीच्या तळाला त्याच घरट्यातली ओली वाळू, वर अंडी, वर पुन्हा वाळू. कुंपणात तसाच घागरीच्या आकाराचा खड्डा, तेवढ्याच खोलीचा. सरळ भिंतीचा खणला तर वरची कोरडी वाळू अंड्यांत घसरते. ११:२० ला काम पूर्ण. हात वाळूने घासून स्वच्छ. डासांचं मलम लावलेल्या हाताने अंडी हाताळायची नाहीत.

घाई कशासाठी? अंडं पडल्यानंतर काही तासांत भ्रूण कवचाला आतून वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की तो तुटतो. पहिले दोन-तीन तास निर्धास्त, सहा तासांनंतर जीव मुठीत.

मार्गशीर्ष वद्य षष्ठी: घरटं २

पहाटे माग मिळाला, मादी गेलेली. अंडी नेमकी कुठे आहेत ते शोधायला काठी वापरली. जुनी पद्धत आहे: काठी दाबत जायचं, पोकळी आली की ती अचानक आत जाते. गेली. तीन अंड्यांतून गेली.

काठी टोकदार होती आणि दाब अंगाच्या भाराने दिला होता. आता काठी अंगठ्याएवढी जाड, टोक गोल घासलेलं, दाब फक्त दोन बोटांचा, आणि पहिली भुसभुशीत वाळू लागली की थांबून पुढे हाताने. त्याहून बरं म्हणजे काठी शेवटी काढायची. आधी माग वाचायचा: येणारा माग जिथे विस्कटतो, जिथे वाळू उडालेली आहे, तिथे टाचेने हळू दाबत जायचं. मऊ लागेल तिथे हात घालायचा. शोधायला वीस मिनिटं जास्त लागतात.

१०४ पैकी १०१ पुरली. फुटलेली तीन लांब नेऊन पुरली, आणि ज्यांना बलक लागला होता ती ओल्या वाळूने पुसून घेतली. बलक राहिला की लाल मुंग्या येतात.

जागा घाईत निवडली: कुंपणाचा पूर्वेचा कोपरा, सुरूच्या झाडांच्या सावलीत. याचं फळ पुढे.

मार्गशीर्ष वद्य दशमी

खोटा माग, म्हणजे मादी वर येऊन अंडी न घालताच परतलेली. दोन तास वाया. वर आलेला आणि खाली गेलेला माग एका कमानीत जोडलेले, मध्ये वाळू उडवल्याची खूण नाही, तरी अंडी असतीलच म्हणून तिघे उकरत बसलो. ओळख अशी: खऱ्या घरट्यावर उडवलेली वाळू येणाऱ्या मागाच्या शेवटावर पडलेली असते, म्हणजे माग मध्येच पुसला जातो. इथे माग अखंड होता. नोंद तरीही करायची. लागोपाठ दोन खोटे माग एकाच जागी दिसले तर तिथे उजेड किंवा अडथळा शोधायचा. इथे ओढून ठेवलेली होडी आडवी होती.

पौष शुद्ध अष्टमी

हे घरटं हलवलं नाही. मादी पहाटे पावणेपाचला आली, जागा चांगली वर वाटली, वाळू कोरडी, खाली ओल बरोबर. शक्य असेल तिथे अंडी जागच्या जागी ठेवावीत हे तत्त्व बरोबरच आहे. वर जाळीचं झाकण खिळलं, पाटी न लावता खुणेचा खांब दूर रोवला.

चूक कळायला आठ दिवस लागले. अष्टमी म्हणजे भांगाची भरती, पाणी सर्वांत कमी चढण्याचे दिवस. भांगाला कोरडी वाटणारी जागा उधाणात कोरडी राहीलच असं नाही. पुनवेला आणि नंतरचे दोन दिवस पाणी झाकणावरून गेलं. तोवर अंडी आठ दिवसांची होती, हलवली तरी मेली असती. ठेवली. पासष्ठाव्या दिवशी उघडलं तेव्हा एकही फुटलेलं नव्हतं. आत वाळू काळी आणि वास कुजका.

आता जागेवर ठेवायचं की नाही हे आजच्या पाण्याच्या रेघेवरून नाही, काडीकचऱ्याच्या सर्वांत वरच्या रेघेवरून ठरतं. तिच्याखाली असेल तर लगेच हलवायचं.

पौष वद्य द्वितीया: घरटं ४

घरटं ३ एकादशीला मिळालं, बिनतक्रार. हे चौथं रात्री १:४० चं.

एका वहीत संध्याकाळची तारीख लागली, दुसरीत मध्यरात्रीनंतरची. पिल्लं निघायच्या सुमारास घरट्यावर उपडी टोपली घालतो, तिचा दिवस कुठला यावर पुढे वाद झाला. एक दिवसाचा फरक किरकोळ वाटतो, पण अंडी किती दिवसांत फुटली हे पाहूनच वाळू गार होती की गरम ते कळतं. नियम: गस्त ज्या संध्याकाळी सुरू झाली तीच तारीख, वेळ मात्र खरी.

पौष वद्य द्वादशी: घरटं ५

त्या रात्री माणसं दोनच, दक्षिण टोक राहिलं. मादी नऊच्या भरतीच्या आसपास आली असणार. सकाळी आठला कालवं काढायला गेलेल्या बायकांनी माग पाहून निरोप दिला. वनरक्षकाला फोन, तो दुसऱ्या गावी, वाट पाहणं, मग मोटारसायकलवर, मांडीवर बादली. साडेअकराला पुरली. अंदाजे चौदा तास.

९८ अंडी. पिल्लं निघाली फक्त ९.

दोन चुका एकत्र झाल्या. उशीर झालाच होता, तर अंडी जशी होती तशीच वर-खाली न करता, माथ्यावर मऊ पेन्सिलीने खूण करून, एकेक उचलायला हवी होती. आणि बादली हातात धरून चालत न्यायला हवी होती. पुळणीवरून मोटारसायकल म्हणजे चाळणच. आता वनरक्षकाने दोन कासवमित्रांना लेखी मुभा दिली आहे: फोटो, वेळ, जागा पाठवायची आणि काम सुरू करायचं, पंचनामा मागाहून.

पौष वद्य चतुर्दशी

घरटं १ ला पंचेचाळीस दिवस. टोपली घातली. बांबूची, उपडी, कडा दोन बोटं वाळूत दाबलेली. ती नसेल तर पिल्लं रात्री बाहेर पडून कुंपणाच्या जाळीवर धडकत राहतात, आणि खेकडे बिळाच्या तोंडाशी वाट पाहत असतात. प्लास्टिकची टोपली नको, आत तापते.

माघ शुद्ध अष्टमी

आदल्या संध्याकाळी घरटं १ च्या वर बशीएवढा खळगा पडला होता. आत पिल्लं फुटून वर सरकायला लागली की वाळू खाली झिरपते, तो हा खळगा. पहाटे साडेपाचला टोपलीखाली ९१ पिल्लं. चोपन्नावा दिवस.

सोडण्याची पद्धत. पाण्यापासून सात-आठ मीटर वर, ओल्या वाळूच्या कडेला ठेवायचं, पाण्यात नाही. ते अंतर त्यांनी स्वतः चालायला हवं. आधी तो पट्टा फळीने ओढून सपाट करायचा. माणसाच्या पावलाचा खड्डा पिल्लाला विहीर आहे. त्यात पडलं की उलटं होऊन पाय झाडत बसतं, आणि गाडीच्या चाकोरीत पडलं तर पाण्याकडे न जाता चाकोरीनेच किनाऱ्याला समांतर जात राहतं. दोरी दोन्ही बाजूंना, माणसं दोरीच्या मागे, वर किंवा कडेला. पाण्याच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. रोज जागा शे-दीडशे मीटर बदलायची, नाहीतर घारी आणि कावळे वेळ पाठ करतात.

गर्दीसाठी पिल्लं थांबवून ठेवायची नाहीत. पाहुणे आठला येतात म्हणून साडेपाचची पिल्लं टोपलीत ठेवा असा आग्रह दरवर्षी होतो. पहिल्या काही तासांची धडपड हीच त्यांची शिदोरी, ती टोपलीच्या भिंतीवर संपते.

माघ शुद्ध एकादशी

तीन दिवस नवीन पिल्लू आलं नाही, म्हणून घरटं १ उकरलं. अर्ध्याहून मोठी टरफलंच मोजायची, तुकडे नाहीत. टरफलं ९५, आत मेलेली पिल्लं ४, कवच फोडून अडकलेली २, न फुटलेली १५. बेरीज ९५ अधिक २ अधिक १५ म्हणजे ११२, जुळली. (मेलेली चार टरफलांत आलेलीच आहेत, ती पुन्हा धरायची नाहीत, पहिल्यांदा ११६ आले होते.) फुटण्याचं प्रमाण जवळपास ८५ टक्के, बाहेर पडण्याचं ८१.

माघ वद्य अष्टमी

घरटं २ आज फुटलं, एकसष्टाव्या दिवशी. घरटं १ चोपन्नला, घरटं २ एकसष्टला, दोन्हींची खोली सारखी. फरक सुरूच्या सावलीचा. वाळू गार तर दिवस जास्त, शिवाय थंड वाळूत नर जास्त निघतात, गरम वाळूत माद्या. एका घरट्याने काही बिघडत नाही, पण पूर्ण कुंपणच सावलीत असतं तर पिढीचा तोल आपण बदलला असता. उकरल्यावर दुसरं कारणही दिसलं: सुरूची केसासारखी मुळं ओलीच्या मागे खोलीत शिरून सात अंड्यांना गुंडाळून बसली होती. पूर्वेची रांग बंद.

फाल्गुन शुद्ध पंचमी

घरटं ३. पहाटेची पाहणी चुकली. ज्याची पाळी होती त्याला वाटलं दुसरा गेला. साडेनऊला टोपली उचलली तेव्हा खाली ७१ पिल्लं, त्यातली १४ मेलेली. बाकीची ओल्या फडक्यात, अंधाऱ्या टोपलीत ठेवून संध्याकाळी सोडली.

पाळ्यांचा कागद आता कुंपणाच्या खांबाला बांधला आहे. पाहणी दिवसातून चार वेळा: पहाटे साडेपाच, सकाळी आठ, संध्याकाळी सहा, रात्री अकरा. सही करायची. गटावर निरोप टाकणं म्हणजे सही नव्हे.

फाल्गुन शुद्ध दशमी

वाळू तापली. अंड्यांच्या खोलीवर ३३.५ अंश. तापमान अंड्यांच्या घरट्यात दांडी खुपसून घ्यायचं नाही. कुंपणातच ४५ सेंटिमीटरचा एक रिकामा खड्डा बुजवून ठेवला आहे, त्यात मोजतो. पस्तिशीकडे गेलं आणि टिकलं की अंडी आतच शिजतात.

आधी हिरवं शेडनेट थेट वाळूवर पसरलं. हवा अडली, फरक काहीच नाही. मग बांबूवर पाच फूट उंचीला नारळाचे झाप टाकले, विरळ, अर्धं ऊन खाली येईल असे. संध्याकाळी ऊन कलल्यावर झारीने वरवर पाणी, वाळू भिजेल इतकंच, वाहील इतकं नाही. पाच दिवसांत ३१.६. झाप आठवडाभर आधी टाकायला हवे होते. घरटं ६ आणि ७ मध्ये पूर्ण वाढून आतच मेलेली पिल्लं जास्त निघाली, ती याच आठवड्यातली.

फाल्गुन पौर्णिमा: घरटं ११

शिमगा. गावात पालखी, ढोल, आणि गस्तीला माणूस नाही. हे दरवर्षीचंच आहे, म्हणून यंदा शेजारच्या गावच्या कासवमित्रांशी आधीच अदलाबदल ठरवली होती: त्यांची पालखी दुसऱ्या दिवशी, तेव्हा आमची दोन माणसं तिकडे. बाराच्या भरतीला मादी आली. पुळणीवर होळीचा जाळ होता, पण दोनशे मीटर दूर आणि झाडांच्या आड. तिने उत्तरेचं टोक निवडलं. १०८ अंडी. पावणेतीनला पुरली.

चैत्र वद्य सप्तमी

घरटं १० सत्तेचाळिसाव्या दिवशी फुटलं. मार्गशीर्षातल्या घरट्याला चोपन्न लागले होते. टोपली पंचेचाळीसला घालायचा नियम उन्हाळ्यात उशिरा पडतो. फाल्गुनानंतरच्या घरट्यांना बेचाळीसला घाला.

या घरट्याला मुंग्या लागल्या. कीटकनाशक मारायचं नाही, पावडरही नाही. मुंग्यांची ओळ जिथून येते तिथे वाळू उकरून ओली केली, टोपलीभोवती एक वीत रुंद खोल चर काढून रोज हलवत राहिलो. बरंचसं थांबलं, सगळं नाही. पहिली पिल्लं बाहेर पडल्यावर राहिलेल्यांची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी उकरलं. आत जिवंत अकरा होती, डोळ्यांच्या कडेला मुंग्या चिकटलेल्या. ओल्या कापसाने काढून संध्याकाळी सोडली.

वैशाख शुद्ध चतुर्थी

घरटं ११ फुटलं. हंगामातलं शेवटचं. एकूण घरटी १३: एक कुत्र्यांनी खाल्लं, एक बुडालं, अकरा कुंपणात. खोटे माग ९. वरचा खर्च: टॉर्चचे सेल, झाप, चार टोपल्या बदलल्या, मिळून २,९०० रुपये.

वैशाख शुद्ध अष्टमी

जाळी काढून गोड्या पाण्याने धुतली, सुकवून गुंडाळून ठेवली. गेल्या वर्षी तशीच ठेवली तर गंजून तुकडे झाले होते. बांबू १४ पैकी ९ वापरण्याजोगे. पुरलेली टरफलं आणि सडलेली अंडी वेचून रेघेच्या वर लांब खोल पुरली, सगळे खड्डे बुजवले. पुढच्या वर्षीच्या जागेला खुणेचा दगड आणखी पंधरा मीटर दक्षिणेला, सुरूपासून दूर. थर्मामीटरचं टोक वाकलं आहे, नवीन आणावा. पाळ्यांच्या कागदाला प्लास्टिकचा खिसा हवा.

मार्गशीर्ष प्रतिपदेच्या आधी होडी हलवायला सांगणे.